कारागीर अज्ञात

वझलवार सरांनी माझं बदक उचललं, उलटं केलं आणि चक्क त्याच्या पोटाचा वास घेतला.

टेबलाच्या अलीकडे आम्ही दोघं उभे होतो, मी आणि लटारूजी. लटारूजींनी धुतलेलं धोतर नेसलं होतं, वर जावयाचा कोट घातला होता आणि हात पाठीमागे घट्ट धरून ते त्या वास घेणाऱ्या माणसाकडे बघत होते. वझलवार सर म्हणजे इतिहासाचे निवृत्त प्राध्यापक, मेळाव्याचे मुख्य परीक्षक. ते एखाद्या वस्तूला जुनी म्हणाले की ती जुनी, विषय संपला. त्यांनी भिंगातून बदकाची मान पाहिली, पाठीवरचा काळा थर नखानं जरासा खरवडला आणि म्हणाले, "ऐंशी वर्षं. कमीत कमी. अंजनकर बाई, हे घबाड सापडलं कुठे तुम्हाला?"

माझ्या अंगावर मूठभर मांस चढलं. मी म्हटलं, "यांच्या घरचं आहे सर. हे लटारूजी दिघोरे. तलावावरचे."

सरांनी मान हलवली, लटारूजींनी वाकून नमस्कार केला. उद्या चार वाजता परीक्षण, तेव्हा सविस्तर बोलू, असं सांगून सर पुढच्या टेबलाकडे गेले. तिथे अडकित्ते होते.

ही शहाऐंशी सालच्या जानेवारीतली गोष्ट. विदर्भातल्या छांदिष्टांचा मेळावा नागपुरात एका शाळेच्या हॉलमध्ये तीन दिवस भरायचा. नाणी, दिवे, पानपुडे, तलवारी, काय वाटेल ते घेऊन लोक यायचे. मी घेऊन जायची लाकडी बदकं. शोकेसमध्ये ठेवायची गुळगुळीत बदकं नव्हेत, फसवी बदकं. आमच्याकडच्या तलावांवर मासेमारी करणारे ढिवर लोक पूर्वी बदकं धरायचे. लाकडाची सात-आठ बदकं करून पाण्यात सोडायची, दोरीनं खाली दगडाला बांधायची. वरून जाणाऱ्या थव्याला वाटतं, आपली माणसं बसलीत, जागा चांगली दिसते. थवा उतरला की फासे तयारच. बहात्तर सालच्या कायद्यानं शिकार बंद झाली आणि ती लाकडं गोठ्यात, माळ्यावर, चुलीजवळ जाऊन पडली.

मी नर्स होते, प्राथमिक आरोग्य केंद्रात. तलावाकाठची अकरा गावं माझ्याकडे होती. लस टोचायला, बाळंतिणी बघायला घरोघर फिरायचे. एका घरी पोरगं लाकडी काणूक, छोट्या जातीचं बदक, घेऊन खेळत होतं, ते मागून घेतलं, तिथून हा नाद लागला. लग्न केलं नव्हतं, त्यामुळे घरात पसारा केला तर बोलणारं कोणी नव्हतं. पाच-सहा वर्षांत एकतीस बदकं जमली. त्यातली नऊ लटारूजींकडची, आणि खरं सांगायचं तर बाकीची बावीस त्या नवांच्या पायाशी बसण्याच्या लायकीची नव्हती.

त्या बदकांकडे बघत राहावं, अशी ती होती. पांगाऱ्याचं हलकं लाकूड, डोळ्याच्या जागी लाखेनं चिकटवलेली गुंज. एक अडई, शीळ घालणारं रानबदक, तर मान मागे वळवून पंखात चोच खुपसून बसलेली. झोपलेलं बदक थव्याला सांगतं, इथे भीती नाही. हे ज्याला सुचलं तो नुसता शिकारी नव्हता. पोटात खालच्या बाजूला गोटा बसवलेला, त्यामुळे पाण्यात कसंही फेका, गिरकी घेऊन सरळ व्हायचंच. आणि वर तो काळपट, करडा, जुना रंग. हात लावला तर वाटायचं, चार पिढ्यांनी याला हाताळलंय.

लटारूजींची ओळख त्यांच्या पायामुळे झाली. शिंगाड्याच्या काट्यानं पाय चिघळला होता, पायच कापावा लागतो की काय अशी वेळ. महिनाभर मी रोज सायकलनं जाऊन पट्टी केली. पाय बरा झाला तेव्हा त्यांनी कोपऱ्यातून एक बदक काढून माझ्यापुढे ठेवलं. मी विचारलं, किती जुनं आहे हो? ते म्हणाले, घरचंच हाये. पुढच्या दिवाळीनंतर लस टोचायला गेले तेव्हा मी हसत विचारलं, आणखी आहे का? हाय ना, म्हणाले, आणि दुसरं दिलं. मग दरवर्षी असंच. कधी एक, कधी दोन. मला वाटायचं, म्हातारा मोठा हिशेबी, आज्याचा ठेवा एकदम बाहेर काढत नाही. मी मनात हसायचेसुद्धा.

तर ती नऊ बदकं घेऊन मी मेळाव्याला गेले होते. आदल्या वर्षी मला जिन्याखाली जागा दिली होती, क्रोशाच्या रुमालांच्या शेजारी. 'हस्तकला आणि इतर'. तलवारीवाले एक वकीलसाहेब येता-जाता विचारायचे, काय सिस्टर, बदकांना ताप आहे का? लोक हसायचे, मीही हसायचे आणि खोलीवर जाऊन तळमळायचे. यंदा मी 'प्राचीन वस्तू' विभागात अर्ज भरला होता. पन्नास वर्षांहून जुनी वस्तू हवी, तसं लिहून सही करायची. त्या विभागाच्या पहिल्या बक्षिसाला ढाल होती, आणि ढाल मिळालेला संग्रह पुण्याच्या मोठ्या प्रदर्शनात जायचा. मला ती ढाल हवी होती. यात लपवण्यासारखं काही नाही. मला त्या वकिलाच्या डोळ्यांसमोरून ती घेऊन जायची होती.

लटारूजी आपणहून आले होते. मी मेळाव्याचं सांगितलं तर म्हणाले, मीबी येतो बाई, लोक कसे पाह्यतात ते पाहू द्या. एसटीत माझ्या शेजारी बसून त्यांनी खोका मांडीवर धरला, नागपूर येईस्तोवर खाली ठेवला नाही. दोन दिवस त्यांनी काय केलं असेल, तर टेबलापाशी उभे राहून लोकांची तोंडं पाहिली. एखादी बाई झोपलेल्या अडईसमोर थांबली की हेही तिच्या बाजूला जाऊन थांबायचे, जणू काही तेही पहिल्यांदाच बघतायत.

दुसऱ्या दिवशी दुपारी आम्ही हॉलमागच्या कडुनिंबाखाली जेवायला बसलो. परीक्षणाला तीन तास होते. मी डब्यातली पोळी काढली, त्यांनी त्यांची फडक्यातली भाकर सोडली. मग त्यांनी विचारलं, "बाई, त्या बदकाईपुढं कागद ठेवला हाये. त्याच्यावर का लिवलं हाये?"

मी तोंडपाठ सांगितलं. सुमारे ऐंशी वर्षांपूर्वीची फसवी बदकं, लाकूड पांगारा, स्थळ अमुक तलाव, कारागीर अज्ञात.

"अज्ञात मंजे?"

"म्हणजे माहीत नाही. कोणी केली ते आता कोणाला ठाऊक नाही."

ते भाकरीचा तुकडा हातात धरून तसेच बसले. मग माझ्याकडे न बघता म्हणाले, "पण मी त आहो ना, बाई."

मला आधी कळलंच नाही. मला वाटलं, ते म्हणतायत, मी त्यांचा नातू आहे, माझं नाव घाला. म्हटलं, अहो, आज्याचं नाव सांगा की, घालू. त्यांनी मान हलवली. आज्याचं नाव सुकाजी, पण आज्यानं नाही केली. आज्यानं हात धरून शिकवलं तेवढं. ही मी केली. सगळी. शेवटचं, मान वळवलेलं, ते परवाच्या पावसाळ्यातलं.

"काहीतरीच," मी म्हटलं. "किती जुनी आहेत ती. सर म्हणाले ना."

मग त्यांनी मला समजावून सांगितलं, लहान पोराला सांगावं तसं. नवं लाकूड उन्हात चमकते. चमकलं की खरं पाखरू भेते, उतरत नाही. म्हणून बदक झालं की त्याला करंजीचं तेल आणि काजळी पाजायची आणि अख्खी बरसात तलावाच्या गाऱ्यात गाडून ठेवायचं. दसऱ्याला काढायचं. मग ते असं दिसते. सगळेच ढिवर तसं करत होते, यात का नवल?

मी नर्स. जखम ताजी की जुनी, हे मी पट्टी सोडल्याबरोबर सांगायची. आणि हे चिखलात बुडवलेलं लाकूड मी सहा वर्षं ऐंशी वर्षांचं समजत होते, आणि ते इतिहासाचे प्राध्यापकही.

"पण ही तर पाण्यात जाणार नव्हती," मी म्हटलं. "शिकार बंद. मग गाडून कशाला ठेवली?"

"तसंच करा लागते, बाई. नाई त बदक अर्धं राह्यते."

"आणि केली तरी कशाला?"

त्यांना त्या प्रश्नाचं आश्चर्य वाटलं. "तुमी दरसाल इचारत होत्या ना, आनखी हाये का म्हणून. नाई कसं म्हनू? मंग मी बनवत होतो."

पुढचं ते हळूच बोलले, मागणं जास्त होतंय का, अशा आवाजात. कागदावर अज्ञात लिवलं हाये, तिथं लटारू बिसन दिघोरे लिवा. आनखी काई नको. आमच्या गावात आमचं नाव रेशनच्या कागदावर असते, दुसरं कुठी नसते. इतके लोक थांबून पाह्यतात, मंग त्याईले माहीत व्हावं का नाई?

मी म्हटलं, लिहिते. चारच्या आत लिहिते.

खरंच लिहिणार होते. डबा धुतला, पेन घेतला आणि कार्यालयाच्या टेबलाकडे निघाले. दुरुस्ती करायची तर फॉर्म बदलायचा होता. 'प्राचीन'मधून 'हस्तकला'त. म्हणजे पुन्हा जिन्याखाली. टेबलापाशी वझलवार सरच उभे होते, आणि त्यांच्यासोबत तो तलवारीवाला वकील. सर त्याला सांगत होते, तुमच्या तलवारी ठीक आहेत हो, पण या बाईंनी आपल्या सगळ्यांना खाली बसवलं. आपण इथे शहरात बसून राहिलो आणि ह्या सायकलवर फिरून इतिहास गोळा करून आल्या. वकील माझ्याकडे बघून म्हणाला, "अभिनंदन, अंजनकर बाई." सिस्टर नाही म्हणाला. बाई म्हणाला.

मी दोघांना नमस्कार केला, एक ग्लास पाणी प्यायले आणि परत आले.

परत येता येता मला कारणही सापडलं. सापडतंच. चारच्या परीक्षणाला पाहुणे म्हणून वनखात्याचे एक अधिकारी येणार होते. मी लटारूजींना बाजूला घेतलं. सांगितलं की बघा, हे साहेब जंगलखात्याचे. तुम्ही म्हणालात मी केली, परवापर्यंत करत होतो, तर विचारतील कशासाठी. शिकारीसाठीच ना? उगाच लचांड मागे लागेल. गावात गाडी येईल, घराची झडती होईल. त्यापेक्षा आज राहू द्या. तुमच्या भल्याचं सांगते.

ते म्हणाले की बंदी आल्यापासून मी एक पाखरू धरलं नाही. म्हटलं, मला माहीत आहे, त्यांना कुठे माहीत आहे?

हे अगदीच खोटं नव्हतं. तेच तर वाईट होतं. तसं झालंही असतं कदाचित. पण मी ते ढालीसाठी बोलत होते, आणि मला ते तेव्हाही ठाऊक होतं.

लटारूजी माझ्या तोंडाकडे बघत राहिले. लोकांची तोंडं बघायची दोन दिवस सवय झाली होती त्यांना. मग त्यांनी कोटाची गुंडी लावली आणि टेबलापाशी जाऊन उभे राहिले.

चार वाजता परीक्षक आले. तिघं होते, मागे वनखात्याचे ते साहेब आणि शे-दीडशे माणसं. सरांनी एक एक बदक उचलून लोकांना दाखवलं. मग कोणीतरी पाण्यानं भरलेलं घमेलं आणलं. सरांनी झोपलेली अडई पाण्यात उलटी सोडली. ती बुडाली, गिरकी घेऊन वर आली आणि सरळ होऊन डुलत राहिली. लोकांनी टाळ्या वाजवल्या. मी लटारूजींकडे पाहिलं. त्यांचे ओठ हलत होते.

सरांनाही ते दिसलं असावं. त्यांनी मायेनं विचारलं, "आजोबा, तुमच्याच घरची ना ही? कोणाच्या हातची?"

लटारूजींनी माझ्याकडे पाहिलं. रागानं नाही, विनवणीनंही नाही. नुसतं विचारल्यासारखं. आजही सांगते, त्या वेळी मी गप्प जरी राहिले असते तरी चाललं असतं. त्यांनी मग त्यांचं काय ते सांगितलं असतं. पण मी गप्प राहिले नाही.

"यांच्या आजोबांच्या हातची, सर," मी म्हटलं. "सुकाजी दिघोरे. पण त्याला काही कागदोपत्री पुरावा नाही, म्हणून मी अज्ञात लिहिलं."

नाव मी तिथल्या तिथे वापरलं. दुपारी त्यांनीच सांगितलेलं. इतकं सोपं गेलं ते की माझं मलाच नवल वाटलं.

सर लटारूजींना म्हणाले, "असं का?"

"हाव," लटारूजी म्हणाले. "बाई म्हनतात तसंच."

ढाल मला मिळाली. फोटो निघाला, त्यात लटारूजींनाही उभं केलं. 'मूळ कारागिराचे वंशज' असं खाली छापून आलं दुसऱ्या दिवशी पेपरात. परतीच्या एसटीत ते खिडकीकडे बसले. मी दोनदा काहीतरी बोलायचा प्रयत्न केला, त्यांनी हूं केलं. फाट्यावर उतरताना नेहमीसारखंच म्हणाले, येतो बाई. खोका या वेळी माझ्या मांडीवर होता.

त्या दिवाळीनंतर मी लस टोचायला गेले. आणखी आहे का, असं विचारलं नाही, आणि त्यांनी काही दिलं नाही. त्यांच्या सुनेनं चहा दिला. दोन वर्षांनी माझी बदली झाली.

बदकं पुण्याला जाऊन आली, आणखी दोन ठिकाणी जाऊन आली. माझं नाव झालं. पेपरात लेख आले. निवृत्तीनंतर लहान घरात आले तेव्हा सगळा संग्रह मी एका संग्रहालयाला देऊन टाकला. खरं म्हणजे मला ती नऊ बदकं घरात नको झाली होती. त्यानंतर काही वर्षांनी आमच्या कोपऱ्यावरच्या औषधाच्या दुकानात मी रक्तदाबाच्या गोळ्या घ्यायला गेले, तर भिंतीवर कॅलेंडर. त्यावर झोपलेली अडई, मोठ्या अक्षरात 'आपला वारसा', आणि खाली बारीक अक्षरात 'कारागीर अज्ञात'. दुकानदार म्हणाला, बाई, छान आहे ना? मी गोळ्या काउंटरवरच विसरून घरी आले. दुकानातला पोऱ्या मागून धावत आला देऊन जायला.

मी संग्रहालयाला पत्र लिहिलं. सगळं खरं लिहिलं, एक अक्षर गाळलं नाही. त्यांचं उत्तर आलं ते वाचून हसावं की रडावं, कळेना. कै. वझलवार सरांनी स्वतः तपासून दिलेल्या अभिप्रायापुढे आपल्या स्मरणाला किती वजन द्यावं, याबद्दल आम्ही साशंक आहोत. तथापि संबंधित कारागिराचं लेखी निवेदन आणल्यास विचार करू. मी खोटं बोलले ते एका मिनिटात खरं मानलं, आणि खरं सांगितलं तर निवेदन आणा.

मी निवेदन टाइप करून घेतलं आणि फाट्यावर उतरले. दोन हजार नऊ साल होतं, मार्च महिना. वीस वर्षांनी त्या गावात पाय ठेवत होते. गावाचं नाव मी मुद्दाम सांगितलेलं नाही, सांगणारही नाही. तलावाच्या पाळीवर आता सिमेंटचा कट्टा होता, आणि कट्ट्याच्या मागे निळी पाटी. 'शंभर वर्षांपूर्वी या तलावाकाठी होऊन गेलेले थोर काष्ठशिल्पकार कै. सुकाजी दिघोरे यांच्या स्मरणार्थ.' खाली ग्रामपंचायत.

पाटीसमोर मी किती वेळ उभी होते, सांगता येत नाही. मागून कोणीतरी विचारलं, मॅडम, कोणाकडे जायचं?

ती प्रणाली. लटारूजींची नात, तिथल्याच शाळेत शिक्षिका. मी नाव सांगितलं तर तिनं वाकून पायाला हात लावला. म्हणाली, तुमच्यामुळे तर सगळं झालं. आबाजी नेहमी सांगतात, नर्सबाईनं आमच्या घराण्याचं नाव नागपुरात नेलं. घराकडे जाताना ती भरभरून बोलत होती. शाळेतल्या पोरांना दरवर्षी पाटीपाशी आणते, सुकाजींची गोष्ट सांगते. मी विचारलं, आबाजी काही करायचे का लाकडाचं?

"नाही हो, मॅडम," ती म्हणाली. "आबाजी नुसते मासोळ्या धरायचे. ती कला त्यांच्या आज्यासोबतच गेली."

लटारूजी अंगणात खाटेवर होते. अंगाची हाडं राहिली होती, पण डोळे तेच. मला त्यांनी आवाजावरून ओळखलं. बसा म्हणाले. मी पर्समधून कागद काढला, घडी उलगडली आणि आधी त्यांच्याशी बोलायचं ते सोडून त्या पोरीलाच सांगून टाकलं. मला धीर निघाला नाही.

"प्रणाली, ती बदकं सुकाजींनी केलेली नाहीत. यांनी केली. तुझ्या आबाजींनी. मी तेव्हा खोटं बोलले."

ती माझ्याकडे बघत राहिली, मग त्यांच्याकडे. तिचा चेहरा उतरला होता.

लटारूजी हसले. "बाईले आता आठवत नाई, पोरी. वय झालं त्याईचं. जा, चहा मांड."

ती जराशी घोटाळली आणि आत गेली. आत भांड्यांचा आवाज यायला लागला.

मी कागद त्यांच्या हाताजवळ ठेवला. म्हटलं, लटारूजी, असं करू नका. हा कागद फक्त अंगठ्यासाठी थांबलाय. अज्ञात खोडून तुमचं नाव लागेल. तिथेही, आणि इथे पाटीवरही. तुम्हीच मागितलं होतं ना? त्यांनी कागद बोटांनी चाचपला, वाचता येत असल्यासारखा डोळ्यांजवळ नेला आणि माझ्या मांडीवर परत ठेवला.

"दोन साल भांडली पोरगी पंचायतीसंग," ते म्हणाले. "या गावात ढिवराच्या नावाची पाटी आंधी कवाच नवती. पंचायतीत हसले तिले. तरी तिनं लावली. आता मी म्हनलं का मीच बनवली, त लोक का म्हनतीन? लटारूनं नवं लाकूड जुनं म्हणून खपवलं. बंदी असून बदकं बनवली. अन पोरगी शाळेत खोटं शिकवते."

"मग मी सांगते ना सगळ्यांना, चूक माझी होती म्हणून."

"तुमाले कोन काय म्हनते, बाई? तुमी जासान घरी."

मी म्हटलं, "पण नाव तुमचं होतं हो. तुमच्या हाताचं काम होतं ते." माझा आवाज फाटला आणि मला रडू आलं, म्हातारपणी, दुसऱ्याच्या अंगणात.

मग त्यांनी माझ्या मनगटावर हात ठेवला. मी त्यांच्या पायाची पट्टी बदलायची तेव्हासुद्धा त्यांनी कधी मला हात लावला नव्हता.

"तवा तुमी म्हनलं, अन मी हाव म्हनलं," ते म्हणाले. "आता मी म्हनतो. तुमी हाव म्हना."

प्रणाली चहा घेऊन बाहेर आली. कप तिनं माझ्या हातात दिला. हसायचा प्रयत्न करत तिनं विचारलं, "मॅडम, खरंच विसरला होतात ना? मला तर धस्स झालं हो."

लटारूजी माझ्याकडे बघत नव्हते. ते पोरीच्या तोंडाकडे बघत होते.

"हाव," मी म्हटलं. "सुकाजींनीच केली."